सातव्या गिरोदों गाडीची वासलात

मी, आंसेल्म गिरोदों, वय अडुसष्ट, राहणार तुर्नू, धंदा घड्याळदुरुस्ती, पूर्वी मोटारींचा कारखानदार (अवघे चौदा महिने), कुणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. डॉक्टरांनी वाइन बंद केली आहे, तेव्हा माझ्या शुद्धीबद्दल कुणी शंका घेऊ नये.

१. घर पत्नी क्लेमांतीन हिला. तळघरातल्या बाटल्याही तिलाच. त्यांतल्या काहींत पाणी आहे, हे तिला यथावकाश कळेल.

२. हत्यारे पुतणी ओदील हिला. तिच्या नवऱ्याने त्यांना हात लावू नये. तो पान्याने अक्रोड फोडतो.

३. पितळी भोंगा बँडमास्तर पोंसार्द यांना, भरपाईदाखल. १४ जुलै १९०० रोजी, राष्ट्रीय सणाला, भर चौकात आमची गाडी सुरू झाली ती पुढे न जाता मागे, थेट त्यांच्या ढोलात शिरली. मागच्या धुरेचे दातेरी चाक उजवीकडे हवे ते डावीकडे बसले होते. परिणामी पुढे जायचा वेग एक, मागे जायचे तीन. सातही गाड्या तशाच, कारण आधी एक चालवून पाहू म्हणणारा शहाणा आमच्यात नव्हता. ज्या दोन विकल्या होत्या त्याही संध्याकाळी परत आल्या, अर्थात उलट्या. गाड्या आठवड्यात दुरुस्त झाल्या असत्या. गावाचे हसणे थांबले नाही.

४. त्या दिवशी मी सगळ्यांदेखत मेहुण्यावर, बेनीन्य पेरोशेवर ओरडलो, "गाढवा, चाक उलटं बसवलंस!"

तो म्हणाला, "दाजी, नकाशात होतं तस्संच बसवलंय."

"नकाशा वाचायलाही अक्कल लागते!"

तेव्हापासून आम्ही एकाच कॅफेत पाठीला पाठ लावून बसतो. गाव त्याला 'उलटा पेरोशे' म्हणते. त्या नावापायी त्याचे ठरलेले लग्न मोडले.

५. नकाशा माझ्या कपाटाच्या खालच्या खणात आहे. चाक डावीकडेच काढले आहे आणि काढणारा हात माझा. दुसऱ्याच दिवशी मी ते पाहिले आणि खणाला कुलूप लावले. मला याची लाज वाटते. वकिलांनी नकाशा भरल्या कॅफेत सर्वांना दाखवावा.

६. उरलेली सातवी गाडी बेनीन्यला. अट एक: माझी शवपेटी त्यानेच तीतून न्यावी. दफनभूमी चढावर आहे. सरळ नेली तर पोचायला संध्याकाळ होईल, म्हणून उलटीच न्यावी. बँडने या खेपेला गाडीच्या तोंडासमोर उभे राहावे.

ता. क. वरील मजकूर साक्षीदारांना वाचून दाखवत असता क्लेमांतीन दारात उभी होती. ती म्हणाली, "अहो, बेनीन्यदादाकडे नकाशाची दुसरी प्रत आहे. पहिल्यापासून!"

"मग दाखवली का नाही त्याने?"

"म्हणायचा, दाजींचा कारखाना गेला, अब्रू तरी राहू दे."

सबब कलम ५ मध्ये दुरुस्ती: वकिलांनी थांबावे. नकाशा उद्या मी स्वतः कॅफेत नेईन आणि खुर्ची फिरवून बसेन. कलम ६ कायम, त्याची हरकत नसल्यास.

साक्षीदार: झेर्मेन बुव्ह्ये (पाववाले), इलेर तिसो (पोस्टमन)
सही: आं. गिरोदों
तुर्नू, ९ मार्च १९२६