हातांवरचे फोड

आईस तुझ्या लेकीचा नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुझे गुडघे कसे आहेत?

माझ्या हातांवर फोड येतात म्हणाले होते ना, ते इस्त्रीच्या वाफेमुळे नव्हते. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. लिव्हरमध्ये जुना विषाणू निघाला, त्याच्यामुळे उन्हात कातडी सोलवटते. "शिवल्याने पसरत नाही, गोळ्यांनी बरा होतो," त्या म्हणाल्या. मला इतकं हलकं वाटलं की लॉन्ड्रीत जाऊन सगळ्यांना सांगून टाकलं.

त्यांनी फक्त 'विषाणू' एवढंच ऐकलं. मी घड्या घातलेल्या चादरी मुकादमाने माझ्यादेखत पुन्हा धुवायला टाकल्या आणि म्हणाला, "उद्यापासून येऊ नकोस." खोलीवर आले तर माझी वळकटी जिन्यात. रोज माझी वेणी घालणारी, लॉन्ड्रीतलीच खोलीवरची मैत्रीण दाराआडूनच म्हणाली, "तुझा कंगवा जाळलाय."

काळजी करू नकोस. दवाखान्यातल्या आयाबाईंनी मला घरी ठेवून घेतलंय, गोळ्याही सुरू झाल्यात.

एक मात्र कर. हा विषाणू जन्मताना आईकडूनही येतो म्हणे. तुझ्याही हातांवर असेच फोड येतात. रक्त तपासून घे, पण एकटीच जा. फोन वहिनीच्याच हातात असतो, म्हणून हे पत्र शेजारच्या मावशींच्या पत्त्यावर धाडते आहे.

वहिनीला तुझं काही कळू देऊ नकोस. माझं मी तिला काल सांगून पाहिलं. ती म्हणाली, "बरं झालं, आमच्या बाळाला तुम्ही अजून कधी मांडीवर घेतलं नाहीत."

बाळाला रोज मांडीवर घेत जा.

तुझीच,
लेक