हाडातली बाई आणि बदकाचा लाब

४ मार्च
लोहाच्या गोळ्या घेता का, विचारलं डॉक्टरीणबाईने. नाही गं बाई, केव्हाच सोडल्या, म्हटलं मी. ओरथाय नाव, माझ्या नातीच्या वयाची. मला थॅलेसेमिया आहे, म्हणजे रक्त कमी, पण अंगात लोह जास्त. म्हणाली, "आजी, हाडाच्या आत एक मोठी पेशी असते, मॅक्रोफेज. तिच्याभोवती लाल रक्तपेशींची पिल्लं. ती त्यांना लोह भरवते. पिल्लं वाढली की आपल्या पोटातला गोळा, म्हणजे केंद्रक, बाहेर टाकतात, तोही तीच गिळते. तुमची पिल्लं अधू निघतात, मग ती पिल्लंच खाते."
मी म्हटलं, "म्हणजे माझी सासूच की!"
हसली नाही. उरलेलं लोह हृदयात साठतंय म्हणे. कलेजी बंद, रक्त खाणं बंद, नाहीतर हृदय बंद.
उद्यापासून बंद.

८ मार्च, रविवार
दमले. घराच्या जिन्यात मध्येच बसले. शेजारचा बदकवाला खमसिंग लाब घेऊन आला. बदकाचं मटण, वर कच्चं रक्त. "खा बुन्मा, चेहरा बघ, भिजवलेल्या तांदळासारखा झालाय!"
आणलेलं परत कसं करायचं? खाल्ला. चहाने लोह अंगी लागत नाही म्हणतात, म्हणून वर दोन कप चहा प्याले. फिटंफाट.

१५ मार्च, रविवार
खमसिंग परत लाब घेऊन आला. आज त्याला ठणकावून सांगितलं. हाडातली बाई, पिल्लं, सगळं. नीट ऐकलं त्याने. मग म्हणाला, "बिचारी एवढी राबते, आणि तू तिला उपाशी ठेवणार?"
बाईसाठी खाल्ला. शेवटचाच.

१९ मार्च
छाती धडधडते. दवाखान्यात गेले. लोह आणखी वाढलंय, म्हणाली ओरथाय. "आजी, खरं सांगा, काय खाता?" म्हटलं, "भाजी." औषध लिहून दिलं. म्हणाली, "तुम्ही थांबला नाहीत तर हे औषधही हरेल." माझा हात सोडेना पोरगी.

२२ मार्च, रविवार
सांगितलं. आणू नकोस. "बरं," म्हणाला, वाडगा उचलला, गेला. जिंकले!

२९ मार्च, रविवार
आला नाही. चिकट भात आणि मिरचीचा ठेचा. दोन घासांत जेवण झालं.

५ एप्रिल, रविवार
आजही नाही. कुंपणाशी गेले. 'नुसता ये' म्हणायचं होतं, दहा वेळा घोकलं होतं. तो बदकांना दाणे टाकत होता. तोंडातून निघालं, "ए बदकवाल्या, लाब कुठाय माझा?"
वाडगा भरून आणला. सगळा खाल्ला.
मला लाब आवडत नाही. कच्च्या रक्ताच्या वासाने मळमळतं. तो समोर बसतो आणि मी जेवते ते बघतो. नवरा गेल्यापासून कुणी बघितलं नव्हतं. मला तो हवाय.