जीवशास्त्राचा मुहूर्त

११ जुलै १९८५, परभणी
येलदरी धरणाच्या बातमीत मी 'जलसंचय' लिहिलं. उपसंपादकाने छापलं 'पाणी'. जिल्हा वार्ताहराचा गळा हे लोक असा घोटतात. निषेधाचं पत्र लिहायचं.
दुसरं. धाकटी सत्यशीला दहावीला फर्स्ट क्लास. डॉक्टर व्हायचं म्हणते. त्यासाठी अकरावीला बायॉलॉजी पाहिजे. माझा विचार संस्कृतचा होता, स्कोअरिंग विषय. शेजारचे लिंबाजी मास्तर म्हणाले, पंडितजी, मेडिकलला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजीचेच मार्क धरतात, संस्कृत काय पेशंटला ऐकवायचंय? थट्टेखोर माणूस. असो. बायॉलॉजी. ठरलं.

१३ जुलै
मास्तरांनी त्यांच्या मुलीचं, कस्तुराचं नाव पहिल्याच दिवशी रांगेत उभं राहून घातलं. नामांतराच्या धरण्यात दोनदा जेलात जाऊन आलेला माणूस, घाई अंगातच. म्हणाले, कॉलेजात मायक्रोस्कोप कमी, म्हणून बायॉलॉजीच्या जागाबी कमी. तुमीबी चला. म्हटलं, दिवस बघून जाऊ. तर म्हणतात, आमी दिवस बघायचं सोडलं, आता रांग बघतो.
वाक्य छान. बातमीत वापरता येणार नाही.

१६ जुलै
आज चतुर्दशी. उद्या अमावास्या. परवा धोंड्याचा महिना लागतो. त्यात शुभकार्य नाही. म्हणजे थेट १७ ऑगस्ट.
हरकत नाही. प्राचार्य माझं प्रेसकार्ड बघून उठून उभे राहतात. (मागच्या वेळी त्यांना बाहेर जायचं होतं, ही गोष्ट वेगळी.)

२१ जुलै
थोरली नर्मदा आणि जावई बन्सीधरराव धोंड्याच्या वाणाला आले. नर्मदा वाळली आहे. मनगटावर भाजल्याचा लांब पट्टा. विचारलं. म्हणाली, अनारसे तळताना तूप उडालं, बाबा.
बायका स्वयंपाकात फार घाई करतात.

२३ जुलै
जावई म्हणाले, मामा, पोरीला कशाला बेडकं फाडायला लावता? आमच्या चुलतभावाला देऊन टाका. दोघी बहिणी एकाच घरात, तुमची फिकीरच मिटली. मी हसलो. हो म्हणालो नाही. नाही असंही म्हणालो नाही. याला मुत्सद्देगिरी म्हणतात.
निघताना नर्मदा पाया पडली. हळूच म्हणाली, बाबा, तिचं नाव उद्याच घाला. मुहूर्त माझ्या लग्नालापण बघितला होता की.
पोरींना शास्त्र कळत नाही.

५ ऑगस्ट
कॉलेज सुरू. कस्तुरा पांढरा एप्रन हातावर टाकून गेली. सत्यशीला ती वळणाआड जाईपर्यंत दारात उभी. सौ. माझ्याशी बोलत नाही. लिंबाजी मास्तर भेटले, लय वेळ बघत राहिले, थट्टा केली नाही. तब्येत बरी नसावी.
संयम ठेवायचा. मुहूर्त जवळ आला.

१७ ऑगस्ट
धोंडा संपला, निज श्रावण लागला. शुभ चौघडीत घरातून निघालो. सत्यशीला सोबत, नवी वही घेऊन.
प्राचार्य रजेवर. क्लार्कने प्रेसकार्ड उलटंपालटं करून बघितलं. म्हणाला, पंडितजी, बायॉलॉजी जुलैतच फुल्ल झालं. आता सायन्सच बंद हाय. आर्ट्सला संस्कृत घ्या की, अख्खा वर्ग रिकामा हाय.
येताना सत्यशीलेने नवी वही पिशवीत तळाशी घातली.
घरी जावयांचं कार्ड. पुढच्या आठवड्यात चुलतभावाला घेऊन मुलगी बघायला येतात. सत्यशीलेने वाचलं, पालथं करून माझ्या हातात दिलं. रडली असती तर समजूत काढता आली असती.
पुढच्या वर्षी पहिल्या दिवशी रांगेत. नक्की. क्लार्कची तक्रारही करायची.

संध्याकाळ
उडालेलं तूप थेंबाथेंबाने पडतं. नर्मदेच्या हातावरचा पट्टा सरळ होता, उलथन्याच्या पात्याएवढा. मी तो त्याच दिवशी ओळखला.
मला त्या घराची भीती वाटते. आणि पुढच्या आठवड्यात ते लोक ओट्यावर येऊन बसले, की मी पुन्हा नुसता हसेन याची.