कठडा मी केला होता

दिनांक ७ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार. सकाळी दवाखान्यात जाऊन आलो. दुपारी चर्चचे पाळकसाहेब रविवारी वाचायचा कागद देऊन गेले. जेवलो आणि लिहायला बसलो.

मी, खाली सही करणार, वय शहात्तर, व्यवसाय सुतारकाम, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व राजीखुशीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. पत्नीला जाऊन आज चाळीस दिवस झाले.

१. राहते घर मुलीला मिळावे. स्वयंपाकघराची खिडकी अडकते, ती तासू नये. तिची आई खांद्याने ढकलायची, मुलीलाही जमेल.

२. हत्यारे भाच्याला. मोठा रंधा अकरा वर्षे परगावच्या थोरल्या भावाकडे आहे. पोटदुखीचे निमित्त सांगून तो माझ्या लग्नाला आला नव्हता. नवरी खालच्या वस्तीतली, हे खरे कारण. रंधा त्यानेच ठेवावा. पाते मात्र बदलावे.

३. कामाच्या खोलीतील माळ्यावर जुन्या कठड्याचे लाकूड आहे. मी चोवीस वर्षांचा असताना पंचकमिटीने तो प्रार्थनामंदिरात करून घेतला. पुढे आम्ही, मागे खालच्या वस्तीतली माणसे. प्रभुभोजनाचा प्यालाही त्यांचा वेगळा. मी एकही खिळा न मारता लाकडात लाकूड बसवले. तेव्हाच्या पाळकांनी सर्वांदेखत कौतुक केले. मला फार बरे वाटले होते, हे लपवत नाही.

तीन वर्षांनी माझे लग्न झाले, ते कठड्यामागच्या मुलीशी. आता तिने पुढे बसायला हरकत नाही, असे पंच म्हणाले. ती आपल्या आईजवळच बसली. दर रविवारी आम्ही बरोबर चालत जायचो आणि दारात वेगळे व्हायचो. गीतांचे एकच पुस्तक होते, ते ती मला द्यायची. तिला सगळी गीते पाठ. शेवटची ओळ ती जरा लांबवायची, त्यावरून मागचा तिचा आवाज मला ओळखू यायचा. उपासना सुटली की ती आधीच बाहेर उभी असे. प्रवचन लांबले की दाराजवळच्यांचीच मजा, म्हणायची. पाहुण्यांसमोर कठड्याचा विषय निघाला, तर यांचं काम सुबक आहे हो, एवढेच बोले. पाहुणे हसत. मी खाली बघत असे.

पुढे कठडा काढायचे ठरले. तेही काम माझ्याकडेच आले. सांधे सुटेनात, करवत लावावी लागली. त्या दिवशी तिला म्हणालो, "आता ये पुढे."

ती म्हणाली, "लाकूड काढलंत. पण चूक झाली, असं कुणी म्हणालं का? कुणीतरी म्हणू दे, मग येते."

मी करवत पुसून ठेवली. ती छत्तीस वर्षे थांबली.

पाळकसाहेबांना हे लाकूड पाटी लावून भिंतीवर बसवायचे आहे. देऊ नये. मुलीने जाळावे किंवा घरात फळ्या कराव्यात.

४. येत्या रविवारी मंडळी जुन्या अन्यायाबद्दल पश्चात्ताप करणार आहे. सर्वांत वयस्कर म्हणून कागद मी वाचायचा. त्यात 'आपल्या पूर्वजांच्या हातून' असे लिहिले आहे. पूर्वज कसले, मी अजून आहे, असे मी पाळकसाहेबांना सांगितले. ते म्हणाले, "काका, तुम्ही सांगितलेलं काम केलंत. उगाच मनाला लावून घेऊ नका."

भला माणूस आहे. पण ते वाक्य मी वाचणार नाही. त्याजागी पुढील मजकूर वाचीन, व तो मंडळीच्या दप्तरात नोंदवावा:

"कठडा मी केला. तो कशासाठी आहे, हे मला माहीत होते. तरी मन लावून केला. मागे बसवलेल्या सर्वांची आणि माझ्या पत्नीची मी क्षमा मागतो."

रविवारपर्यंत मी नसलो, तर मुलीने सर्वांसमोर उभे राहून हे वाचावे.

सही: मृत्युपत्र करणार, सुतार.

साक्षीदार पहिले: शेजारी, औषधांचे दुकानदार. सही.

साक्षीदार दुसरे: पत्नीचे धाकटे भाऊ, शिंपी. कलम चार त्यांनी दोनदा वाचले. सही.

स्थळ: राहते घर. वेळ: सायंकाळी सहा.

साक्षीदार गेल्यावर कलम चारचा मजकूर मोठ्या अक्षरात वेगळ्या कागदावर उतरवला. मग आम्हा तिघांच्या चहाचे पेले धुऊन पालथे घातले.