'म' वरून शब्द

रविवार, संध्याकाळ. तेलीबांधा.

लकव्यानं यांचं बोलणं गेलं, तेव्हापासून रोज जेवताना आमचा अक्षरांचा खेळ. मी अक्षर द्यायचं, यांनी शब्द शोधायचा. आज 'म' दिलं. हे वाटीतलं वरण ढवळत राहिले.

इथल्या हिंदीतच वाढलेली मुलगी म्हणाली, "रहने दो ना आई, पापा थक गए."

"थांब थोडी, शोधून राहिले ते."

तेवढ्यात हे हळूच म्हणाले, "मीठ."

मले रडूच आलं. मग यांनी वाटी माझ्याकडे सरकवली. वरण अळणी होतं. म्हणजे ते खेळातलं उत्तर नव्हतंच का? अन् मी हे काहून विचारून राहिले? 'म' वरूनच तर होतं.

मी मीठ वाढायला लागले, तर हात आडवा धरून म्हणाले, "बस."

'ब' तर मी दिलंही नव्हतं.