गाठीच्या सहा बाजू

ती. मालूताईस,

ठमीचा पेणहून नमस्कार. पाया पडले असं समज, डावा हात अजून खांद्याच्या वर जात नाही. तुझे गुडघे, दाजींचा खोकला, दिपिकाची धाटावच्या कारखान्यातली शिफ्ट, सगळं ठीक ना? (तिच्या लग्नाचं बघा आता, मी म्हटलं म्हणून सांगू नकोस.) पत्र आमच्या निलेशच्या हाती देतेय, कारण फोन आला की दाजी तो स्पीकरवर टाकतात आणि तुमची अख्खी आळी माझी तब्येत ऐकते.

तर माझ्या छातीतली गाठ काढली. डॉक्टरीणबाई पोरसवदा, पण बोलायला सरळ. म्हणाली, गाठ भोवतीच्या थोड्या चांगल्या मांसासकट काढू. तुम्ही भुलीत असतानाच ती लॅबमध्ये जाईल, तिथे तिच्या कडा तपासतील. कडेला रोग नसला तर शिवून टाकू. असला तर त्या बाजूचं आणखी काढू, आणि तरीही हटला नाही तर सगळा स्तन काढावा लागेल. शेजारणी म्हणाल्या, पन्नाशीत काय करायचंय ते ठेवून. स्वतःचं शाबूत असलं की बोलायला काय जातं? मला माझं हवं होतं ताई, आणि मी फार घाबरले होते.

पुढचं मी पाहिलेलं नाही. जाऊबाईंनी एक सांगितलं, निलेशनं दुसरं. जुळतं तेवढं लिहिते. आमच्या ह्यांना बाहेर स्वस्थ बसवेना. त्यांनी पिशवीतून नारळ काढला (तो कोणी ठेवला हे अजून कोणी कबूल करत नाही) आणि ऑपरेशनच्या दारासमोर गाऱ्हाणं घातलं, खाडीवर बांध घालताना घालतात तसं. बापदेवा महाराजा, आमच्या शेताचे चारी बांध राखतोस, तशा हिच्या गाठीच्या चारी कडा निर्मळ येऊ दे. जाऊबाई आणि निलेश म्हणाले, व्हय महाराजा. शेजारच्या बाकावर रोह्याचे वाजिदभाई होते, त्यांच्या बिल्किसभाभींचंही ऑपरेशन होतं. तेही म्हणाले. नारळ फोडायच्या आत गार्ड धावत आला, म्हणून फरशी वाचली.

थोड्या वेळानं डॉक्टरीणबाई बाहेर आली. पाच बाजू स्वच्छ आहेत, म्हणाली (चार मागितलेल्या, एक देवानं पदरची घातलेली), पण तळाला रोग कडेपर्यंत पोचलाय, तिथलं आणखी काढतेय. हे कपाळाला हात लावून म्हणाले, चूक माझी हाय, मी चारच सांगितल्या. शेताला बांध चारच असतात. गाठीला वर नि तळ धरून सहा बाजू, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. ती बिचारी समजावतेय की गाठच तशी वाढली होती, तुमचा काही दोष नाही. ह्यांनी तिच्याकडून सहाही बाजू वदवून घेतल्या आणि मगच तिला आत सोडलं. पुन्हा गाऱ्हाणं झालं: डोक्याकडची, पायांकडची, काखेकडची, मधल्या हाडाकडची, कातडीकडची आणि तळाची. या वेळी सगळी बाकं व्हय महाराजा म्हणाली. वाजिदभाईंनी वर आमीन जोडलं. गार्डही म्हणाला असं निलेश सांगतो. जाऊबाईंना ते पटत नाही.

तळ स्वच्छ आला. शुद्धीवर आल्यावर मी आधी हात लावून बघितलं. होतं जागेवर. मग पोटभर रडून घेतलं. पुढे मोठा रिपोर्टही चांगला आला. आता किरणांचे शेक घ्यायचे आहेत, त्याला पनवेलपर्यंत ये-जा करावी लागेल. आमचे हे शेजारीपाजारी सगळ्यांना सहा बाजू समजावत फिरतात, मला तोंड लपवायला जागा नाही.

दाजींना नमस्कार, दिपिकाला आशीर्वाद.

तुझी,
ठमी

ता.क. इथून पुढचं मोरीत जाऊन वाच. नागपंचमीला तू माझी बोटं धरून काखेखालची गाठ दाखवलीस आणि कुणाला बोलायचं नाही म्हणून शपथ घातलीस. मी ती पाळलीय, ह्यांनाही सांगितलेलं नाही. पण दुखत नाही म्हणजे काही नाही, असं म्हणालीस ना? माझीही दुखत नव्हती गो.

आणखी एक. मंगळवारी सकाळी निलेश गाडी घेऊन येईल. डॉक्टरीणबाईंकडे तुझा नंबर लावलाय. दाजींना सांग, ठमीचे टाके काढायचेत, एकटी जायला भिते, म्हणून सोबतीला बोलावलंय. टाके गेल्याच आठवड्यात निघाले.