तुले

आबा,

लग्नानंतर मी सत्यनारायणाला बसलो नाही, तेव्हापासून आपलं बोलणं बंद. काल तुमचा व्हॉइस मेसेज आला. ऐकायचा धीर होईना, म्हणून बोललेलं लिहून देणाऱ्या माझ्याच प्रोग्रॅमला तो दिला. त्यानं लिहिलं, "तुला देव पटत नाही तर नको मानू, पण घरी येत जा."

वाटलं, हे कुणा परक्याचे वडील. मग ऐकलं. तुम्ही 'तुले' म्हणाला होतात.

'तुले' आलं की 'तुला' करायचं, हे मीच त्याला शिकवलं होतं. पुण्यात पोरं हसली तेव्हा स्वतःलाही तेच शिकवलं.

आज तो नियम पुसला. हे पत्रही शुद्धच उतरलंय, म्हणून पाठवत नाही. शनिवारी मूर्तिजापूरला येतो आणि तोंडानंच सांगतो: आबा, मले तुमच्याबिगर करमत नाई.

तुमचाच,
गजू